बेणे एकच, गावे दोन : माणसांच्या संबंधांतून समाज कसा घडतो



या पानावर मी नेहमी खत, पाणी, खोडवा, नाहीतर हुमणी यांवर लिहीत असतो. या खेपेला विषय जरा वेगळा घेतला आहे. माणसामाणसांतील संबंधांमुळे समाजाला आकार कसा येतो, हा तो विषय. "साहेब, तुमचा डिप्लोमा तर शेतीचा, हे कुठून आणलं?" असे कोणी विचारील, म्हणून आधी खुलासा करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या कार्यक्षेत्रात पेंचच्या कालव्यावर दोन गावे आहेत. नावे सांगत नाही, कारण दोन्हीकडे मला अजून जायचे आहे. जमीन दोन्ही ठिकाणी काळी आणि भारी, पाणी एकाच वितरिकेचे. दोन्ही गावांत आपण बेणेमळ्यातील को ८६०३२ चे निरोगी बेणे दिले. ही जात महाराष्ट्रासाठी १९९६ साली प्रसारित झाली आणि तुम्हा सर्वांना चांगली परिचित आहे. पण घरचेच जुने बेणे वर्षानुवर्षे लावत राहिले की काणी येते, गवताळ वाढ येते आणि उतारा घसरतो. तेव्हा शुद्ध बेणे गावात पसरावे, एवढाच हेतू होता.

पहिल्या गावात बेणे दिले ते सर्वांत मोठ्या बागायतदाराला. माणूस सज्जन, शिकलेला, सांगितलेले ऐकणारा. प्लॉट असा आला की रस्त्याने जाणारा थांबून पाहत असे. मी वहीत टीप केली की, दोन वर्षांत हे बेणे गावभर होईल. दुसऱ्या गावातही मी अशाच एका मोठ्या शेतकऱ्याकडे गेलो होतो. पण धानाच्या बांध्या मोडायला त्यांचे मन होईना, ते नाही म्हणाले. बेण्याची ट्रॉली भरून उभी. परत फिरताना पिठाच्या चक्कीवर पाणी प्यायला थांबलो. चक्कीवाला आपलाच सभासद, दोन एकरांचा धनी. तो म्हणाला, "साहेब, मले द्या ना. अर्धा एकर लावून पाहतो." उन्हात बेणे वाळत होते, म्हणून देऊन टाकले. खरे सांगायचे तर नाइलाजाने दिले.

तीन वर्षांनी ऊस नोंदी काढून पाहिल्या. पहिल्या गावात ते बेणे त्या बागायतदाराच्या भावांकडे, चुलत भावांकडे आणि वीस किलोमीटरवरच्या व्याह्यांच्या वावरात पोचले होते. त्याच गावाच्या दुसऱ्या मोहल्ल्यात एक टिपरीसुद्धा गेली नव्हती. दुसऱ्या गावात मात्र ऊस लावणाऱ्या बहुतेक घरांत ते होते. मी माती तपासली, पाण्याच्या पाळ्या तपासल्या. उत्तर मिळेना. मग मुलीच्या टेबलावर तिचे समाजशास्त्राचे पुस्तक दिसले. ती नागपूरला बी.ए. करते. सहज चाळायला घेतले आणि ते संपवल्याशिवाय खाली ठेवले नाही.

समाज म्हणजे माणसांचा ढीग नव्हे, हे त्या शास्त्रातले पहिले म्हणणे. विटांचा ढीग आणि घर यांत विटा त्याच असतात, रचना वेगळी असते. गेऑर्ग झिमेल नावाच्या जर्मन विद्वानाने १९०८ साली यावर मोठा ग्रंथ लिहिला. समाज म्हणजे माणसांची आपसातील देवघेव, ये-जा, भांडण, सलोखा या सर्वांचे जाळे, असे त्याने मांडले. त्याचे एक निरीक्षण शेतकऱ्याला चटकन पटेल. दोन माणसांचा संबंध आणि तीन माणसांचा संबंध यांत नुसता एका डोक्याचा फरक नसतो, सगळा कारभारच बदलतो.

सामाईक विहीर घ्या. दोन भावांची असली तर कोणीही एक रुसला की विहीर बंद. दोघांनाही हे ठाऊक असते, म्हणून दोघेही जरा सांभाळून असतात. आता तिसरा वाटेकरी आला. लगेच दोन विरुद्ध एक अशी बाजू पडू शकते. तिसरा शहाणा असला तर मध्यस्थ होतो, दोघांचे मिटवतो. लबाड असला तर दोघांच्या भांडणात आपला लाभ पाहतो. त्याहून वाईट निघाला तर भांडण नसले तरी लावून देतो. झिमेलने या तिन्ही तऱ्हा वेगळ्या करून दाखवल्या आहेत. आपल्याकडे दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ ही म्हण आहे, फोडा आणि झोडा हा शब्दप्रयोग आहे. म्हणजे अनुभव आपल्याकडेही तोच होता. स्वभावाला दोष देण्याआधी कोण कुठल्या जागेवर उभा आहे हे पाहावे, एवढे मात्र मी त्याच्याकडून शिकलो.

आता पहिल्या गावाकडे वळू. आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे आणि य. भा. दामले यांनी खेड्यातील गटागटांच्या संबंधांचा अभ्यास केला. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९६३ साली निघाले. आप्तपणा, जात आणि राहण्याची जागा या तीन गोष्टी खेड्यातल्या माणसाचे संबंध कसे ठरवतात, हे त्यांनी तपासले. गावात राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. उसनी पाभर कोणाकडून आणायची, इर्जिकीला कोणाला बोलवायचे, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला मोटारसायकल कोणाची मागायची, हे आपण विचार करून ठरवत नाही. पाय आपोआप त्या दाराकडे वळतात. बेणेही त्याच वाटेने गेले. बागायतदाराने कोणाला नाही म्हटले नव्हते. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "कोणी मागतलंच नाही." दुसऱ्या मोहल्ल्यात विचारले तर तिथले म्हणाले, "त्यायच्या वाड्यावर आमी काऊन जाऊ?" दोघेही खरे बोलत होते.

वाड्याची ती पायरी न चढण्याला मोठा इतिहास आहे आणि त्यावर शास्त्रशुद्ध लिहिणारा पहिल्या फळीतला माणूस आपलाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. वय पंचवीस. त्यांचे प्रतिपादन असे की, जातीचे मर्म आपसातच लग्न करण्याच्या नियमात आहे. गटाने आपले दार आतून लावून घेतले की जात तयार होते. एकाने लावले की दुसराही लावतो, आणि काहींच्या तोंडावर ते लावले जाते. म्हणजे सोयरीक कोणाशी करायची या एका नियमातून सबंध समाजाचा आराखडा निघाला. शंभर वर्षांपूर्वीचा हा निबंध आजही समाजशास्त्राचे विद्यार्थी वाचतात. आपण कारखान्यात एक सभासद एक मत हा नियम पाळतो. दहा शेअर असोत की एक, मत एकच. हा नियम फार मोलाचा आहे. पण मतपेटीपाशी सारखे असलेले दोघे बेणे मागायला एकमेकांच्या दारात जात नसतील, तर नियम कागदावर पुरा आणि शिवारात अर्धा, असे मला वाटते.

मग चक्कीवाल्याने काय केले? त्याने तर काहीच केले नाही. दळण टाकायला सगळा गाव येतो. वरच्या मोहल्ल्याचा, खालच्या मोहल्ल्याचा, मजूर, मालक, बाया, पोरे. पीठ होईपर्यंत दहा मिनिटे उभे राहायचे आणि शेजारी अर्ध्या एकराचा ऊस. कांडी मोजायची, पेरे मोजायचे, विचारायचे. चक्कीवाल्याचे कोणाशीच सख्य फार दाट नव्हते, पण तोंडओळख सर्वांशी होती.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने नेमक्या या तोंडओळखीवर १९७३ साली लेख लिहिला आणि तो जगभर गाजला. बोस्टन शहराजवळच्या न्यूटन या गावी नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारले की, नोकरीची खबर तुम्हाला कोणाकडून लागली. ज्यांना ती ओळखीतून लागली होती, त्यांपैकी शंभरात साधारण सतरा जणांनाच नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून लागली. बाकीच्यांना कधीमधी, किंवा वर्षातून एखाद्या वेळी भेटणाऱ्याकडून. कारण सोपे आहे. माझा जिवलग मित्र ज्या पारावर बसतो त्याच पारावर मी बसतो, त्याला ठाऊक ते मला आधीच ठाऊक असते. नवी खबर आणतो तो दुसऱ्या पारावरचा माणूस. भाऊबंदकीच्या जाड दोराने गट घट्ट बांधला जातो. दोन गटांच्या मध्ये पूल होतो तो बहुधा अशा बारीक ओळखीचा. पहिल्या गावात असा पूल नव्हता, किंवा असला तर मी शोधला नव्हता. चूक माझी. मोठा शेतकरी गाठला की गाव गाठले, हा आम्हा शेतकी खात्याच्या लोकांचा जुना समज आहे, आणि मीही त्याच तालमीतला.

त्यातही एक पुरवणी जोडली पाहिजे. खबर लागली म्हणजे विश्वास बसला असे नाही. अमेरिकेत आयोवा राज्यात संकरित मक्याचे बियाणे कसे पसरले, यावर ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी १९४३ साली अहवाल छापला. शेतकऱ्यांना बियाण्याची पहिली माहिती बहुतेक विक्रेत्याकडून मिळाली होती. पण पेरायचे ठरले ते शेजाऱ्याचे पीक पाहून, त्याचा अनुभव ऐकून. बियाणे उघडच चांगले होते, तरी सर्वांनी घ्यायला दहा-बारा वर्षे गेली. माझ्या भाषणांनी ऊस वाढत नाही हे मला पूर्वीच कळले होते; कारण आता कळले.

एवढे वाचून कोणी म्हणेल की जवळचे संबंध बिनकामाचे, चक्कीवाले तेवढे खरे. तसे नाही. घट्ट संबंधांशिवाय न होणारी कामे आहेत, आणि त्याचा मोठा पुरावा आपल्या पूर्वेला, भंडारा-गोंदियाकडे पसरला आहे. मी मालगुजारी तलावांविषयी बोलतो आहे. आपल्या भागात फार पूर्वीपासून ऊस केला तो तलावाच्या पाण्यावर, आणि त्यात कोहळी समाज पुढे. चांद्याच्या गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क देण्याची रीत होती. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. असे लहानमोठे हजारो तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत आहेत.

तलाव बांधणे एक वेळ सोपे, चालवणे कठीण. पाळ दरवर्षी दाबावी लागते, सांडवा मोकळा ठेवावा लागतो, गाळ काढावा लागतो, पाणी पाळीने सोडावे लागते. हे होत होते ते मालगुजार, कूळ, मजूर, मासे धरणारे धिवर यांच्यातल्या ठरलेल्या देण्याघेण्याने. इंग्रजांनी मालगुजाराला मालकी दिली आणि हा सांगाडा पक्का केला. यात गोडीगुलाबीच होती असे कृपा करून समजू नका. वेठबिगार होती, धाक होता. पाळीवर माती टाकणाऱ्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होते. त्या सरकारने १९५० साली कायदा करून मालगुजारी संपवली आणि १९५१ पासून तो अमलात आला. कायदा योग्यच होता. तलाव सरकारजमा झाले. पण मालगुजार गेला, त्याबरोबर देखभालीचे बांधलेले ते नातेही गेले, आणि त्या जागी नवे नाते कोणी बांधले नाही. गावकऱ्याला वाटे तलाव सरकारचा, सरकारला वाटे पाणी गावाचे. पाणीपट्टीवरून वाद झाले. गाळ साचत गेला. पाळ तीच, पाणी तेच, माणसेही त्याच घरांतली, तरी तलाव उथळ झाले. जुने संबंध अन्यायाचे होते म्हणून मोडावे लागले. पण मोडल्यावर रिकामी राहिलेली जागा आपोआप भरत नाही. जिथे अलीकडे मच्छीमारांच्या संस्था आणि गावकरी मिळून तलावाकडे पाहू लागले, तिथे फरक दिसतो.

सहकारी साखर कारखाना म्हणजे अशीच रिकामी जागा भरण्याचा प्रयत्न. प्रवरेला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी तो करून दाखवला. पुढे समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर कोपरगावच्या कारखान्यावर जाऊन राहिले, सभा पाहिल्या, निवडणुका पाहिल्या, आणि १९८० साली त्यांचे पुस्तक आले. कारखान्यात भाऊबंदकी चालते, गटबाजी चालते, हे त्यांनी झाकले नाही. तरी कारखाना का चालतो, हा त्यांचा खरा प्रश्न. त्याचे उत्तर उसातच आहे. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला गेला नाही तर वजन घटते, साखर घटते. ते पन्नास एकरवाल्याचेही घटते आणि एक एकरवाल्याचेही. मोठ्याला लहानाच्या उसाशिवाय कारखाना पूर्ण दिवस चालवता येत नाही, लहानाला मोठ्याशिवाय तो उभारता येत नाही. भाव दोघांना सारखा. डोनाल्ड अॅटवुड या अभ्यासकानेही बारामतीजवळच्या माळेगावकडे हेच पाहिले आणि १९९२ च्या पुस्तकात मांडले. शिवाय विरोधी गट जागा असला की सत्तेवरचा गट हिशेब नीट ठेवतो. गटबाजीचा असाही एक उपयोग आहे, हे वाचून मला जरा हसू आले.

परंतु हे सारे ज्या एका दोरीवर लटकले आहे ती म्हणजे तोडणीचा क्रम. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल डरखाइम याने १८९३ साली लिहून ठेवले की, करार पाळला जातो तो केवळ कागदामुळे नाही. कागदामागे सर्वांना मान्य असलेली रीत असावी लागते. आपली ऊस नोंद हा करारच आहे. लागण तारखेप्रमाणे तोड मिळेल ही त्यामागची रीत. मागच्या एका हंगामात एका सभासदाच्या उसाला तुरे आले तरी तोड आली नाही, आणि शेजारच्या उशिराच्या लागणीत टोळी उतरली. चिटबॉय शेजाऱ्याच्या नात्यातला होता. त्याने मुद्दाम केले की टोळी जवळ होती म्हणून झाले, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. पण त्या सभासदाने पुढच्या वर्षी ऊस गुऱ्हाळाला घातला आणि त्याच्या मोहल्ल्यातले आणखी काही जण त्याच्या मागे गेले. त्यांना ही बातमी आपसातल्या घट्ट दोराने पोचली होती. खुलासा द्यायला आमच्याकडून त्या मोहल्ल्यात जाणारी बारीक ओळखसुद्धा नव्हती. एका टोळीच्या दोन दिवसांनी आपला किती ऊस गेला, हे गट कार्यालयाच्या वहीत आहे.

टोळीचाही विचार या निमित्ताने करावा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, असा हिशेब राज्यात सगळीकडे चालतो. बाई तोडते, मोळी बांधते, डोक्यावर वाहते, पण हिशेबात तिचे वेगळे नाव नसते. उचल मुकादम देतो, करार मुकादमाशी, आपली ओळख मुकादमाशी. झिमेलचा तो तिसरा माणूस हाच. तो मध्यस्थ आहे की लाभ घेणारा, हे आपल्याला कळायला मार्ग नाही, कारण तोडणाऱ्याशी आपण बोलतच नाही. वावरात टोळी असते तेव्हा पाणी आणि सावली द्या, आणि जोडीला तिची नावे विचारा. दोन्ही नावे विचारा.

येत्या लागणीसाठी शेतकी विभागाने बेणे वाटपाची पद्धत बदलली आहे. प्रत्येक गावात एकच मोठा प्लॉट न देता, प्रत्येक मोहल्ल्यात किमान एका सभासदाला अर्ध्या एकराचे बेणे देण्यात येईल. चक्की, किराणा दुकान, दूध संकलन केंद्र, बस थांबा यांच्या जवळ ज्यांचे वावर आहे त्यांनी अर्ज जरूर करावा. त्यांना प्राधान्य आहे. लहान क्षेत्र ही अडचण समजू नये. तोडणी क्रमाची यादी लागण तारखेसह आता केवळ गट कार्यालयात न लावता गावातल्या अशा दोन जागी लावली जाईल. त्यात कोणाची तारीख चुकली असल्यास यादी लागल्यापासून आठ दिवसांत गट कार्यालयात लेखी कळवावे. लिहिता येत नसल्यास तोंडी सांगावे, आमचा माणूस लिहून घेईल.

पहिल्या गावातल्या त्या बागायतदारांना मी हा लेख आधी वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पुढच्या खेपेला बेणं चक्कीपाशी उतरवा. तिथून मीच नेतो."